कोकणात दोघांसाठी समुद्र, इतिहास आणि चांगलं रिसॉर्ट एकाच सहलीत मिळेल असं बेट आहे का?

तुम्ही लिहिलंय की हाताशी चार-पाच दिवस आहेत, सौ.ना समुद्र हवाय, तुम्हाला किल्ले, दोघांनाही जरा ऐसपैस रिसॉर्ट, आणि अंदमान यंदा बजेटात बसत नाही. शिवाय त्या मासे खात नाहीत, म्हणून मालवणचं नाव काढलं की मागे सरतात. माझं माहेर मालवणचं आणि सासर पुण्याचं. दिवाळी जवळ आली की सासरकडचं कोणी ना कोणी मला हे विचारतंच, त्यामुळे उत्तर तयार आहे.

बेटावरच राहायचं हा हट्ट आधी सोडा. कोकणातली नावाजलेली बेटं म्हणजे बहुतेक जलदुर्गच: मुरूडचा जंजिरा आणि त्याच्या समोरचा पद्मदुर्ग, थळची खांदेरी-उंदेरी, अलिबागचा कुलाबा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, मालवणचा सिंधुदुर्ग. तिथे पर्यटकांच्या मुक्कामाची सोय नाही, दिवेलागणीच्या आत परत फिरायचं. तेव्हा बेट बघायचं आणि झोपायचं समोरच्या किनाऱ्यावर. हे एकदा मान्य केलं की माझ्या मते मालवण-तारकर्ली-देवबाग या पट्ट्याला तोड नाही. माहेरचा अभिमान थोडा आहेच, पण कारणंही आहेत.

कर्ली नदी देवबागजवळ आली की थेट समुद्रात न शिरता बराच वेळ किनाऱ्याला समांतर वाहते. मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर माड, घरं आणि एकच रस्ता. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला नदी. पार टोकाला संगम. काही ठिकाणी एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्याकडे चालत जायला पाच मिनिटंही लागत नाहीत. बेटावर राहिल्याचं सुख हवं असेल तर ते इथे मिळतं, आणि रात्री डोकं दुखलं तर क्रोसिनची गोळीही मिळते.

आता किल्ला. सिंधुदुर्गाला आमच्याकडे नुसतं ‘किल्ल्यार जातंव’ म्हणतात, दुसरा कुठला किल्ला असू शकतो हे गृहीतच नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधकामाचा मुहूर्त केला आणि १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला. सिद्दीचा जंजिरा हाती लागत नव्हता, तेव्हा समुद्रात आपलंच ठाणं हवं, हा त्यामागचा हिशेब. ज्या खडकाजवळ भूमिपूजन झालं तो मोरयाचा धोंडा आजही मालवणच्या किनाऱ्यावर आहे. किल्ल्यावर जायच्या आधी तो बघा, बहुतेक लोक थेट जेटीवर जातात आणि तो राहून जातो.

होडी जेटीवरून सुटली की दहा-पंधरा मिनिटांत तटाशी येते, पण दरवाजा दिसत नाही. दिसतो नुसता काळा तट. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मधली वळणाची वाट उघडते आणि मग महादरवाजा. तुमच्यासारख्या किल्लेवाल्याला एवढ्यावरच पैसे वसूल वाटतील. आत शिरल्यावर लगेच घोळक्याबरोबर पुढे पळू नका. दरवाज्याजवळ तटावर दोन लहानशा घुमट्या आहेत, त्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. महाराजांचे म्हणून त्यांची पूजा होते.

पुढे शिवराजेश्वराचं मंदिर. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं. आतल्या मूर्तीच्या डोक्यावर जिरेटोप नाही, नावाड्यासारखी टोपी आहे. चांदीचा मुखवटा चढवलेला असतो, त्यामुळे नीट बघायचं तर पुजाऱ्यांना विचारा, ते सांगतात सगळं. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या बेटावर आहेत, आणि किल्ल्यावर राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांचा संसार त्यांच्यावर चालत आला. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचं नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवलं होतं. वर्षभरात पैसे घेऊन परतही दिला. ते नाव आज मालवणात कोणाला माहीत नाही, बरंच झालं.

होडीवाले साधारण तासाभराची मुदत देतात. अठ्ठेचाळीस एकराच्या किल्ल्याला तास पुरत नाही. चढतानाच सांगा की आम्ही नंतरच्या फेरीने येऊ, बहुतेक वेळा ऐकतात. त्या वाढीव वेळात तटावरून पश्चिमेकडे जा. तिकडे ‘राणीची वेळा’ नावाची चिमुकली पुळण आहे, ताराराणी तिथे समुद्रस्नानाला येत असं सांगतात. गाइडच्या मागे धावणारी गर्दी सहसा एवढ्या लांब येत नाही. सौ.ना समुद्र आणि तुम्हाला इतिहास एकाच जागी मिळेल, भांडण नको. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सिंधुदुर्ग आहे. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी रांग वाढलीय. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.

किल्ला, स्कूबा, काय असेल ते सकाळी करा. हिवाळ्यात सकाळी समुद्र शांत असतो आणि दुपारनंतर वारा भरतो. मग होडीवाला हात वर करतो, ‘वारो भरलो हा, आता जावची नाय, उद्या सकाळी येवा.’ तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नका आणि ‘मी नेतो’ म्हणणारा दुसरा शोधू नका. लाइफ जॅकेट गळ्यात अडकवून ठेवायचं नाही, पट्टे आवळून घालायचं. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून माणसं गेली आहेत, ते आम्ही विसरलेलो नाही. स्कूबाला पोहता यायलाच हवं असं नाही, किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात नेतात. दमा किंवा कानाचं दुखणं असेल तर मात्र आधी बोला. पाणी नितळ हवं तर डिसेंबर ते फेब्रुवारी.

आणि एक जागा खास तुम्हा दोघांसाठी, जी पॅकेजमध्ये नसते: पद्मगड. सिंधुदुर्ग आणि किनारा यांच्या मधलं हे छोटं बेट. मोठ्या ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून तिथे पाण्यातून चालत जाता येतं. पडके तट, वेताळाचं देऊळ आणि समोर अख्खा सिंधुदुर्ग. पण भरती-ओहोटी कळल्याशिवाय पाय टाकू नका. आमच्याकडचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वेळेला भरती पूर्ण. म्हणजे तृतीयेला सव्वादोनला भरती आणि तिथून सहा तासांनी, सव्वाआठच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून हा फक्त अंदाज. पाणी सर्वांत जास्त हटतं ते पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस. दोन्ही गोष्टी जुळवल्या तर द्वितीया-तृतीयेची सकाळ उत्तम, कारण ओहोटी मोठी, ऊन कोवळं. अष्टमीच्या आसपास गेलात तर पाणी पुरेसं हटतच नाही. तेव्हा हॉटेल बुक करताना कॅलेंडरमध्ये तिथी बघा, हे मी गमतीने सांगत नाही. आणि त्या दिवशी दांडीवरच्या कोणत्याही मच्छीमाराला ‘आज जाता येईल का, किती वाजेपर्यंत परतायचं’ हे विचारूनच निघा. खडकांवर शेवाळ असतं, पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात.

दांडीवर सकाळी लवकर गेलात तर रापण दिसण्याची शक्यता आहे. होडीने जाळं अर्धगोल टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि माणसं दोन रांगांत मागे-मागे सरत ते ओढतात. ओढायला हात लावलात तर कोणी नको म्हणत नाही. शेवटचा घोळ वाळूवर आला की तारल्या, बांगडे, मधेच एखादा खेकडा, आणि बायका टोपल्या घेऊन हजर. सौ. मासे खात नसल्या तरी हे बघायला त्यांना आवडेल. वास मात्र येणार.

आता राहण्याचं, कारण पैसे तिथेच जातात. इथे ‘बीच रिसॉर्ट’ ही पाटी चार खोल्यांच्या घरावरही लागते. घर वाईट असतं असं नाही, बऱ्याचदा जेवण तिथेच उत्तम, पण तुमच्या डोक्यात जे रिसॉर्ट आहे ते हे नव्हे. फोटो बघून ठरवू नका, फोन करा. एक विचारा, खोली समुद्राकडे की नदीकडे. दुसरं, समोर पुळण आहे की दगडी बंधारा. देवबागला समुद्राने किनारा खाल्लाय, तिथे काही भागात धोंड्यांचे बंधारे घातलेत. समुद्र दहा पावलांवर असतो आणि पाय मात्र बुडवता येत नाहीत. मऊ, लांबलचक पुळण हवी असेल तर तारकर्ली. एमटीडीसीचं, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाचं, पर्यटक निवासही तिथे अगदी किनाऱ्याला लागून आहे. शांतता हवी तर देवबागची नदीकडची बाजू, किंवा नदीपलीकडे भोगवे. भोगव्याला डोंगर थेट पुळणीवर उतरतो आणि माणसं कमी, पण रस्त्याने वळसा मोठा पडतो.

माझ्या हिशेबाने पहिल्या दोन रात्री मालवणात, दांडी किंवा चिवला किनाऱ्याजवळ एखाद्या घरगुती निवासात काढा आणि मग दोन रात्री चांगल्या रिसॉर्टमध्ये. उलटं करू नका. रिसॉर्टमध्ये एकदा पाय पसरले की किल्ला उद्यावर जातो, हे मी आमच्या ह्यांच्याकडे बघून सांगते.

संगमावरून होडीवाले डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, भोगवे, किल्ले निवती अशी फेरी करतात. त्सुनामी आयलंड म्हणजे नदीच्या मुखातला वाळूचा दांडा, भरतीला घोटा-गुडघाभर पाण्यात. नावावर जाऊ नका, दुपारी तिथे वॉटर स्पोर्ट्सची जत्रा असते. सकाळच्या पहिल्या होडीने गेलात तर ठीक. निवतीपर्यंत जाणार असाल तरच पूर्ण फेरी घ्या.

कधी यायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळ ते एक जानेवारी सोडून, कारण तेव्हा देवबागच्या त्या एका रस्त्यावर गाड्यांना गाड्या लागतात. दुसरी अडचण बाहेरच्यांना ठाऊक नसते: आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा. तिची तारीख पंचांगावर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. सहसा फेब्रुवारीच्या आसपास येते. त्या दोन दिवसांत आख्ख्या मालवण तालुक्यात खोली मिळत नाही आणि रेल्वेही मिळत नाही. तुम्हाला जत्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा जून ते ऑगस्टचा विचार नको. रेल्वेने कुडाळ किंवा कणकवलीला उतरा, कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर. चिपीला विमानतळ झालाय, पण विमानं चालू आहेत का ते बघून मगच बेत करा.

मुंबईहून निघणार असाल आणि चाराचे दोनच दिवस उरले, तर मालवणचा नाद सोडा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडवा, काशीदला मुक्काम आणि सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. जंजिरा किल्ला म्हणून जबरदस्त आहे, पण काशीद-मुरूडला आठवड्याअखेरीस एकांत शोधावा लागेल.

राहिलं सौ.च्या जेवणाचं. मालवणात शाकाहारी माणूस उपाशी राहतो ही अफवा मासेखाऊंनी पसरवली आहे. काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे, घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, फणसाची भाजी, सोलकढी. फेब्रुवारी संपता संपता आलात तर ओल्या काजूची उसळ, जिच्यापुढे आमच्या घरी सुरमईसुद्धा दुसऱ्या नंबरवर जाते. हॉटेलात हे क्वचित मिळतं, तिथे व्हेज थाळी म्हणजे पनीर. घरगुती निवासात मात्र करून देतात आणि तवा-भांडी वेगळी वापरा म्हटलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही. रस-शिरवाळे खायचे असतील, म्हणजे तांदळाच्या गरम शेवया आणि नारळाच्या दुधाचा गुळाचा रस, तर आदल्या रात्रीच काकूंना सांगून ठेवा. उकड काढून शेवग्यातून, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यातून, दाबायची म्हणजे दोन माणसांचं काम आहे, आयत्या वेळी होत नाही.