घरातल्या खोल्यांचे रंग कसे निवडावेत? कोल्हापुरातल्या उजेडाचा आणि पावसाचा विचार करून सांगते

तुम्ही विचारलंय की कळंब्याकडं दुसऱ्या मजल्यावर नवा टू बीएचके घेतलाय, हॉलची खिडकी पश्चिमेला, मोठी बेडरूम उत्तरेला, आई-वडील सोबत राहणार आहेत. दिवाळीच्या आत रंग उरकायचाय, पण शेड कार्ड बघून काहीच ठरेना.

आधी थेट सांगते. पश्चिमेच्या हॉलला पिवळ्या-केशरी छटा घेऊ नका आणि उत्तरेच्या बेडरूमला राखाडी घेऊ नका. या दोन गोष्टी टाळल्या तर बाकीच्या चुका फार महागात पडत नाहीत.

मी रंगकामाच्या धंद्यातली नाही, पण मंगळवार पेठेतलं जुनं घर आणि नंतर राजारामपुरीतलं घर, दोन्ही मी उभं राहून रंगवून घेतली आहेत. राजारामपुरीत आमची झोपायची खोली उत्तरेला होती. कार्डावर एक फिकट राखाडी इतका शांत दिसला की मी पुढचं पान उलटलंच नाही. फेब्रुवारीत रंग झाला, सगळ्यांना आवडला. जून लागला आणि त्याच भिंती निळसर-जांभळट दिसायला लागल्या. सकाळी दहा वाजता दिवा लावून कपड्यांच्या घड्या घालायची वेळ आली. त्या खोलीत बसावंसं वाटेना.

कारण साधं आहे. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा उजेड, आणि तो निळसर असतो. राखाडीत बहुतेक वेळा थोडा निळा, हिरवा किंवा जांभळा दडलेला असतो. भरल्या उन्हात तो कळत नाही, अशा उजेडात वर येतो. आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर आभाळ उतरलेलं असतं, म्हणजे वर्षातले चार महिने भिंत त्या मंद उजेडातच बघायची असते. पुढच्या वर्षी त्याच भिंतींना तांदळाच्या पिठात चिमूटभर हळद पडावी तसा रंग दिला. तेव्हा कुठं खोली पावसाळ्यातही उबदार वाटायला लागली. तुमच्या बेडरूमला मी असाच काहीतरी सुचवेन: मलईकडं झुकणारा, किंवा अगदी फिकट पीच.

पश्चिमेच्या हॉलचं उलट असतं. दुपारी तीननंतर ऊन आत शिरतं, आणि सूर्य खाली जाईल तसं ते तांबूस होत जातं. त्यात भिंत आंब्याच्या रंगाची असली तर मे महिन्यात खोली डोळ्यांनासुद्धा तापलेली वाटते. तिथं ताकासारखा पांढरा, किंचित हिरवट किंवा राखाडी झाक असलेला रंग घ्या. संध्याकाळचं ऊन त्याला स्वतःच सोनेरी करतं.

आता कार्डाबद्दल. आमचे रंगारी मामा म्हणायचे, "ताई, कार्डावरचा रंग बगू नगा, भितीवरचा बगा." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. कार्डावरचा चौकोन असतो दोन बोटांचा. तोच रंग चार भिंतींवर गेला की भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि रंग गडद, भडक होत जातो. म्हणून कार्डावर जो आवडला त्याच्यापेक्षा त्याच पट्टीतला एक घर फिका घ्या. काही कंपन्या शेडच्या कोडसोबत एलआरव्ही हा आकडा देतात. भिंत किती उजेड परत टाकते ते तो शून्य ते १०० मध्ये सांगतो. अंधाऱ्या खोलीला मी ७० च्या खालचा रंग घेत नाही.

फरशीचाही रंग भिंतीवर चढतो. कोट्याची हिरवट फरशी, शहाबादीची राखाडी, जुन्या घरातला लाल कोबा, सगळ्यांची छटा भिंतीच्या खालच्या भागात आणि छतावर उमटते. समोरच्या इमारतीचाही उमटतो. मंगळवार पेठेत बोळापलीकडच्या घरानं गडद गुलाबी रंग दिला आणि आमची पांढरी भिंत दुपारभर गुलाबी दिसायची. तुमच्या खिडकीसमोर काय आहे ते बघून ठेवा. ऊस किंवा झाडं असतील तर उजेडात हिरवं येणार हे धरून चला.

मग निवडायचं कसं? तीन रंगांचे छोटे सॅम्पल डबे आणा. प्रत्येकाचा दोन-दोन फुटांचा जाड पुठ्ठा घ्या, त्यावर पांढरा प्रायमर मारा आणि रंगाचे दोन हात द्या. कडेला बोटभर पांढरी पट्टी सोडा. भिंतीवर थेट पट्टा मारू नका, कारण शेजारचा जुना रंग किंवा पुट्टी डोळ्याला फसवते. पूर्ण वाळल्यावरच बघा, इमल्शन (भिंतींना देतात तो पाण्यात कालवायचा रंग) वाळल्यावर बहुतेक वेळा गडद होतं. पुठ्ठा खिडकीसमोरच्या भिंतीला, मग खिडकीच्या भिंतीला आणि कोपऱ्यात उभा करून ठेवा. सकाळी आठला, दुपारी एकला, साडेपाचला आणि रात्री दिवे लावून बघा. पांढऱ्यातलाच एखादा निवडत असाल तर शेजारी साधा कोरा कागद धरा, म्हणजे तो पिवळ्याकडं जातो की गुलाबीकडं की हिरव्याकडं ते लगेच कळतं.

रात्रीच्या दिव्यांना हलकं घेऊ नका. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात: ३००० केल्विनचा एलईडी पिवळसर, ६५०० चा पांढरा-निळसर. मलई रंग ६५०० च्या दिव्याखाली फिकट, आजारी दिसतो. आधी दिवे ठरवा आणि त्याच उजेडात पुठ्ठे बघा.

आई-वडिलांच्या खोलीबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण हे कुणी सांगत नाही. माझ्या सासऱ्यांची नजर मंदावली तेव्हा पांढऱ्या भिंतीवरचं पांढरं बटण आणि पांढरी चौकट त्यांना दिसायची नाही. रात्री उठले की चाचपडायचे. भिंत थोडी गडद घेतली, मातीकडं झुकणारी, आणि चौकट व स्विचबोर्ड उठून दिसतील असे ठेवले. तेव्हापासून ते हाक न मारता दिवा लावायला लागले. खोलीत आणि बाथरूमच्या वाटेवर हा फरक जरूर ठेवा. तिथं चकचकीत रंगही नको, त्यावरची चमक म्हाताऱ्या डोळ्यांना सलते.

स्वयंपाकघरात रंगापेक्षा रंगाची जात बघा. फोडणीचं तेल उडतं, हळदीचा हात लागतो, आणि उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी करायची म्हटलं की आठवडाभर घरात तिखट उडतं. धुता येईल असं, किंचित चमक असलेलं इमल्शन घ्या. हॉल आणि बेडरूमला मात्र मॅट बरं. पश्चिमेचं ऊन भिंतीवर तिरकं पडलं की प्लास्टरमधला प्रत्येक उंचवटा दिसतो. मॅट तो झाकतं, चमक तो दाखवते. छतं सगळीकडं पांढरी ठेवा.

आणि दिवाळीच्या आत? इथं मी थोडं अडवणार आहे. नवीन प्लास्टर वाळायला निदान २८ दिवस लागतात, पावसाळ्यात जास्तच. भिंतीत ओल असताना इमल्शन मारलं की ती आत कोंडते, मग पोपडे धरतात आणि मिठासारखी पांढरी पूड बाहेर येते. २०१९ च्या पुरानंतर शाहूपुरीत आमच्या नात्यातल्या घरी घाईनं रंग दिला होता, सहा महिन्यांत तळाचा तीन फुटांचा पट्टा सोलून निघाला. तुमचा दुसरा मजला आहे, पण बाहेरच्या भिंतीतून पाऊस आत येतोच. प्लास्टिकचा दीड फुटाचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर रंग दिवाळीनंतर. तसंही दसरा-दिवाळीच्या तोंडावर चांगला रंगारी मिळत नाही, आणि मिळालाच तर दोन हातांमध्ये वाळायला वेळ देत नाही.

किती लागेल याचा अंदाज: १० बाय १२ ची खोली, १० फूट उंची, दार-खिडकी वजा जाता भिंती सुमारे ४०० चौरस फूट. पुट्टी केलेल्या भिंतीला दोन हातांसाठी लिटरमागं १२० ते १४० चौरस फूट धरा, म्हणजे तीन-साडेतीन लिटर. मशिनवर मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही, म्हणून आधी भिंती मोजा. एका खोलीचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून मगच रोलर लावायला सांगा, दोन डब्यांतला बारीक फरक भिंतीच्या मधोमध दिसतो. उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकून ठेवा, झाकणावर खोलीचं नाव, शेडचा कोड आणि तारीख लिहा. पुढच्या वर्षी सोफ्याच्या पाठीमागची भिंत घासली गेली की तोच उपयोगी पडतो.

पुठ्ठे बघून झाले की हॉलचे दुपारचे आणि रात्रीचे फोटो इथं टाका. फोटोत रंग थोडा बदलतो, तरी दोन पुठ्ठ्यांमधला फरक कळेल, मी नक्की बघून सांगेन.