ड्रॉइंग शीट बंद करू का?

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ग्राफिक्स शिकवते. पोरं ऑटोकॅडच्या (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, म्हणजे कॅड) कमांड पटापट मारतात, पण आयसोमेट्रिक (वस्तूच्या तीन बाजू एकत्र दाखवणारं तिरकं चित्र) बघून टॉप व्ह्यू, म्हणजे वरून दिसणारं चित्र, काढा म्हटलं की गप्प. शीट बंद करून डायरेक्ट कॅडच घेऊ का?

उत्तर: ड्राफ्टर (बोर्डावर लावून रेषा मारायचं साधन) खुशाल बंद करा ताई, पेन्सिल मात्र बंद करू नका. थ्रीडी मॉडेल केलं की सॉफ्टवेअरच व्ह्यू काढून देतं, मग पोरगं डोकं कशाला चालवेल? आधी साबणाची वडी कापायला द्या, तिचे तीन व्ह्यू (समोरून, वरून, बाजूने) हातानेच, लपलेल्या कडा तुटक रेषेने, आणि मगच मॉडेल करून ताडून बघायचं. आणि हो, कागदावर व्ह्यू मांडायची आपल्याकडची पद्धत फर्स्ट अँगल, त्यात टॉप व्ह्यू फ्रंटच्या (समोरच्या व्ह्यूच्या) खाली, अमेरिकन पद्धतीत थर्ड अँगल म्हणून तो वर जातो, तेव्हा सॉफ्टवेअरमधलं ते सेटिंग पहिल्याच प्रॅक्टिकलला तपासा, नाहीतर परीक्षेत उलटं काढतात.