साखरेची वाटी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की, समोरच्या काकूंची वाटी आजीने घासूनपुसून ठेवली होती, तर ती परत देताना तिच्यात दोन चमचे साखर कशासाठी घातली. काकूंच्या घरात साखर नव्हती का? मी हसून वेळ मारून नेली, कारण नीट उत्तर मलाही चटकन सुचले नाही. आज इकडे सुटी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आजीला विचारलेस तर ती सांगेल की रिकामे भांडे परत दिले तर घरातली लक्ष्मी जाते. तिच्या आईने तिला एवढेच सांगितले होते आणि तिने पुढे चौकशी केली नाही. माझा तर्क थोडा निराळा आहे. माझे लहानपण नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका वाड्यात गेले. चौकाभोवती सात बिऱ्हाडे होती आणि एका घरात फोडणी पडली की काय शिजते आहे ते सातही घरांना कळत असे. वास सगळ्यांना आणि घास आपल्यापुरता, हे बरे दिसत नाही, म्हणून वाटी निघायची. भांडीबाजारातून नवे भांडे घेतले की दुकानातच त्यावर नाव कोरून घेत, ते चोरीच्या भीतीपेक्षा या फिरतीमुळे. आजीच्या कपाटातल्या वाट्यांचे काठ उजेडात धरून पाहा, दोन वाट्यांवर आपले नाव नाही. वाडा पाडायला निघाला तेव्हा सगळे घाईने पांगले आणि त्या दोन वाट्यांची परतायची पाळी राहून गेली.

परत जाणाऱ्या वाटीत साखर, मूठभर पोहे, एखादे लिंबू किंवा कढीपत्त्याची डहाळी असे, म्हणजे कच्चे आणि हलके असे काहीतरी. त्यामुळे देणाऱ्याला परतफेड केल्यासारखे वाटत नाही आणि घेणाऱ्याला ओझे होत नाही. पण कच्चेच का, याचे एक कारण मला मोठेपणी कळले आणि ते तुझ्यापासून लपवणार नाही. शिजवलेले अन्न कोणाच्या हातचे घ्यायचे, हे त्या काळी जातीवरून ठरत असे. साखर किंवा तांदूळ कोणाकडूनही चालत. आपल्याच गावात १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह करावा लागला, तिथे स्वयंपाकघराचे दार कितीसे उघडे असणार? माझ्या आजीने आयुष्यभर ठरावीक घरांखेरीज कोणाकडचे शिजवलेले घेतले नाही. तुझ्या आजीने लग्नानंतर काही वर्षांतच हा नियम न बोलता मोडला आणि साखरेची रीत तेवढी ठेवली.

आता तुझा दुसरा प्रश्न, की आजी प्रत्येकाकडे वेगळा पदार्थ का पाठवते. वरच्या मजल्यावरच्या जैन काकू सूर्यास्तापूर्वी जेवतात, म्हणून त्यांच्याकडची वाटी साडेपाचला जाते. त्या मोडाची कडधान्ये आणि कंदमुळे घेत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी भिजवलेल्या मूगडाळीची धिरडी होतात आणि त्यांत आलेसुद्धा पडत नाही, कारण तेही जमिनीखालचे. समोरच्या काकूंच्या यजमानांना मधुमेह आहे, तिथे उसळीतला गूळ वगळला जातो. माझ्या मते खरी कसोटी पदार्थ चविष्ट होण्याची नसते, तो समोरच्याला निर्धास्तपणे खाता येण्याची असते.

हा धडा मी इथे येऊन चुकत शिकलो. पहिल्या वर्षी मी शेजाऱ्यांकडे काकडीची कोशिंबीर नेली. तिच्यात दाण्याचा कूट होता आणि त्यांच्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी होती. त्या बाईंनी आधी विचारले म्हणून निभावले. आपल्या निम्म्या पदार्थांत कूट असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, हे मला त्या दिवशी उमगले. तेव्हापासून मी डब्यावर चिठ्ठी लावतो आणि तिच्यावर दाणे, तीळ, काजू यांचा उल्लेख करतो, हिंगाचाही करतो, कारण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते आणि गहू न चालणाऱ्या माणसाला तेवढेही बाधते. त्या बाईंनी नंतर माझा डबा लख्ख धुऊन, आभाराच्या चिठ्ठीसह रिकामाच परत केला होता. मला क्षणभर वाईट वाटले. इथे स्वच्छ डबा वेळेवर परत करणे हाच मान देणे असते, हे समजायला मला एक हिवाळा लागला.

तू परत आलीस की आपण दोघे मिळून करू आणि वाटू, असा पहिला पदार्थ म्हणून मी मटकीची उसळ सुचवतो, आणि ती तू आजीकडूनच शिकून ये. नाशिकच्या मिसळीतून फरसाण आणि तर्री बाजूला केली की जे उरते, ते साधारण हेच. एक वाटी मटकी निवडून, धुऊन रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावी, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधावी. नाशिकच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, पावसाळी हवेत दुसरा दिवस उजाडतो. (इथे मी गाठोडे बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवतो.) एका वाटीच्या अडीच-तीन वाट्या होतात, म्हणजे आपले घर जेवून एखाद्या घरी पाठवता येते. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि कढीपत्ता घालून मटकी परतावी, वर ताटली ठेवून ताटलीत पाणी ओतावे आणि तेच गरम झालेले पाणी लागेल तसे उसळीत घालावे. गार पाणी घातले तर मटकी दडदडीत राहते, असे आजीचे म्हणणे आहे आणि माझाही अनुभव तोच आहे. काळा मसाला, मीठ, दोन आमसुले आणि गुळाचा लहान खडा शेवटी घालावा, कारण आंबट आधी पडले तर दाणा शिजायला वेळ लागतो. चातुर्मासात आजी कांदा-लसूण खात नाही, पण या उसळीला त्यांची उणीव भासत नाही. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाने कांद्याविना स्वयंपाकाची तारीफ करावी हे जरा विचित्रच, पण खरे आहे.

मोड आल्याने कडधान्य पचायला हलके होते आणि त्यातले लोह शरीराला अधिक मिळते. मोडांत क जीवनसत्त्वही तयार होते, पण शिजवताना ते बरेच नष्ट होते, म्हणून लिंबू पानात वाढल्यावर पिळायचे, कढईत नाही. सोबत नागलीची किंवा ज्वारीची भाकरी असली की जेवण पुरे होते.

आपले नाव नसलेल्या त्या दोन वाट्यांपैकी लहान वाटी कोणाची ते आजीला ठाऊक आहे. ते कुटुंब आता सिडकोत राहते आणि आजीकडे त्यांचा फोन नंबर आहे. मटकी आज रात्री भिजत घाल. त्यांना काय चालते, काय चालत नाही, ते आजीला आधी फोन करून विचारायला सांग, आणि परवा रिक्षाने दोघी जाऊन या. वाटीला झाकण नाही, तेव्हा वर ताटली ठेवून फडक्याने बांधून ने.

तुझा,
बाबा