आंबोलीच्या ओढ्यावर जाण्याआधी

पावसाळ्यात उभयचर बघायला पहिल्यांदाच येतोयस, तर सॅलमँडर (पालीसारखे दिसणारे, शेपटीवाले उभयचर) डोक्यातून काढ, ते दार्जिलिंगकडे. इथे दगडाखाली देवगांडूळ बघ, गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर. दगडाची पलीकडची कड धरून तो आपल्याकडे कलव, म्हणजे खाली साप निघाला तरी मध्ये दगडाची आड राहते. पाहून झालं की दगड त्याच खळग्यात ठेव. आधी जीव बाजूला होऊ दे.

रात्री सगळ्यांची नजर पायाशी. चापडा हा विषारी साप मात्र कमरेच्या उंचीवर, पाण्यावर झुकलेल्या फांदीला वेटोळं घालून बसतो. हिरवा, तपकिरी, पिवळा, कसाही. म्हणून फांदीचा आधार घेऊन उतरू नकोस. आपलं अँटीव्हेनम, म्हणजे सर्पविषावरचं औषध, नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यापुरतंच, चापड्यावर त्याचा भरवसा नाही. गमबूट हवेतच. आणि वनखात्याची परवानगी आधी काढ, ऐनवेळी हुज्जत नको.