जर्मनीत जन्मणाऱ्या मुलीचे नाव ठरवताना

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. ऑक्टोबरात तुम्ही पुण्याहून श्टुटगार्टला येत आहात आणि बाळंतपण इथेच होणार आहे. तेव्हा मुलगी झाल्यास मीरा, लीला, सई, जुई, वैदेही आणि किरण यांपैकी कोणते नाव ठेवावे, हा पहिला. लग्नात तुमचे स्वतःचे पहिले नावही बदलले असल्याने कागदपत्रांवर कोणते नाव ठेवून यावे, हा दुसरा. नावाचा अर्थ चांगला हवा आणि तो तिकडच्या लोकांनाही पटावा, अशी सासूबाईंची अट असल्याचेही तुम्ही लिहिले आहे. मी कार्ल्सरूहमध्ये सोळा वर्षे राहते आणि या बाबतीत थोडे स्वतःच्या चुकांमधून शिकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सर्वांत महत्त्वाचे सांगते: अर्थ घरात जपता येतो, स्पेलिंग मात्र कागदावर कायमचे राहते. आम्ही मुलीचे नाव मीरा ठेवले आणि पुण्यातल्या सवयीने ते डबल ‘ई’ने लिहिले. जर्मन भाषेत डबल ‘ई’ म्हणजे दीर्घ ‘ए’. बालरोगतज्ज्ञांच्या प्रतीक्षागृहात पहिल्यांदा ‘मेरा’ अशी हाक आली, तेव्हा आम्ही दोघेही जागचे हललो नाही, कारण ती हाक आमच्यासाठी आहे हेच कळले नाही. जर्मनमध्ये ‘मेअर’ म्हणजे समुद्र, त्यामुळे इथल्या कानांना तिचे नाव काहीसे समुद्राशी संबंधित वाटते. आता ती बारा वर्षांची आहे आणि फोनवर कोणी नाव विचारले की न थांबता सांगते, ‘मिट त्स्वाय ए’, म्हणजे दोन ‘ई’ असलेले (इथे ‘ई’ या अक्षराला ‘ए’ म्हणतात). हेच नाव एम, आय, आर, ए असे लिहिले असते, तर काहीच अडचण आली नसती. त्या रूपातले नाव इथे ओळखीचे आहे, कारण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘अद्भुत’ होतो आणि स्लाव्ह भाषांत ‘मीर’ म्हणजे शांतता. तुमच्या सासूबाईंची अट इतक्या सहजपणे पुरी करणारे दुसरे नाव यादीत नाही.

लीलाचेही तेच. डबल ‘ई’ने लिहिलेत तर ‘लेला’ होईल. एका ‘आय’ने लिहिलेत तर उच्चार बरोबर येईल, पण ‘लीला’ हा जर्मनमध्ये जांभळ्या रंगाचा शब्द आहे. हा दोष मानू नका, कारण त्या शब्दाची वाट मागे मागे शोधत गेले, की फ्रेंच, अरबी आणि फारसीतून आपण संस्कृत ‘नील’पर्यंत येऊन पोहोचतो. म्हणजे आपल्या लीलेचा आणि त्यांच्या लीलेचा अर्थ वेगळा असला, तरी दोघींचे माहेर एकच आहे.

सई हे मला फार आवडणारे नाव. सखीचे प्राकृतात सही झाले आणि सहीची सई; शिवाय शिवछत्रपतींच्या सईबाई आहेतच. जर्मनमध्ये मात्र स्वराआधीचा ‘एस’ हा ‘झ’सारखा उच्चारतात, त्यामुळे एस, ए, आय असे लिहिल्यास ‘झाय’ असे ऐकू येईल आणि तो हुबेहूब त्यांच्या ‘हो’ किंवा ‘राहा’ या आज्ञार्थी क्रियापदाचा उच्चार आहे. हाक मारताना प्रत्येक वेळी अर्धवट वाक्य बोलल्यासारखे वाटते, असे एका जर्मन शेजारणीने मला सांगितले होते. जुईच्या बाबतीत गंमत उलटी आहे. जर्मन ‘जे’ म्हणजे ‘य’, म्हणून शाळेत तिला ‘युई’ म्हणतील. पण जुई मुळात संस्कृत यूथिका. प्राकृतात आद्य ‘य’चा ‘ज’ झाला म्हणून आपल्याला जुई मिळाली. जर्मन शिक्षिका नकळत तो ‘य’ परत आणून देतील, एवढेच. तुम्हाला हा विनोद वर्षानुवर्षे सहन होणार असेल, तर जुई खुशाल ठेवा.

वैदेहीतला ‘व्ही’ लोकांना क्षणभर अडखळायला लावतो, कारण फोल्कर या नावात तो ‘फ’ असतो आणि वेरा या नावात ‘व’. शिवाय दोन स्वरांमधला ‘ह’ ते बहुधा उच्चारत नाहीत. तरीही या नावामुळे एक गोष्ट सांगाविशी वाटते. वैदेही म्हणजे विदेहाची, मैथिली म्हणजे मिथिलेची, जानकी म्हणजे जनकाची. द्रौपदी, गांधारी, कैकेयी याही तशाच. आपल्या महाकाव्यांतल्या कितीतरी स्त्रियांना आपण त्यांच्या बापाच्या किंवा मुलखाच्या नावानेच ओळखतो. द्रौपदीचे स्वतःचे नाव कृष्णा होते, हे सांगावे लागते. प्राचीन रोममध्येही मुलीला बहुधा घराण्याच्या नावाचे स्त्रीलिंगी रूप मिळे. युलियस घराण्यातली ती युलिया, क्लाउडियसांची क्लाउडिया, आणि एका घरात दोन मुली असल्या तर थोरली आणि धाकटी अशी पुस्ती जोडत. जर्मनीत हल्ली नवजात मुलींच्या यादीत अगदी वर असणारे एमिलिया हे नाव त्याच कुळातले आहे, एमिलियस घराण्याची मुलगी. तुमच्या वैदेहीच्या वर्गात निदान एक एमिलिया असणार, आणि दोघींच्या नावांची घडण सारखी आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही तर कधीच कळणार नाही.

इथली जुनी, खास जर्मन नावे ऐकलीत तर ‘शुभ अर्थ’ हा आग्रह थोडा सैल होईल. गेर्ट्रूडमध्ये भाला आणि बळ आहे, माथिल्डेमध्ये सामर्थ्य आणि लढाई, हेडविगमध्ये तर दोन्ही घटकांचा अर्थ लढाईच. हिल्डेगार्डमधले ‘हिल्ड’ आणि कुनिगुंडेमधले ‘गुंड’ही युद्धवाचकच आहेत (शेवटचे नाव मराठी माणसाने गंभीर चेहऱ्याने उच्चारणे कठीण आहे). याचा अर्थ हे लोक मुलींना रणरागिणी करू पाहत होते असा घेऊ नये. दोन शब्दांचे नाव बनवताना एक घटक बापाकडच्या नावातून आणि एक आईकडच्या नावातून घेण्याची रीत होती, त्यामुळे जोडून सरळ अर्थ लागलाच पाहिजे अशी अपेक्षाच नव्हती. नाते दिसले की पुरे. आईच्या नावातले एक अक्षर आणि बापाच्या नावातले एक अक्षर घेऊन नाव बनवणारी आपल्याकडची तरुण जोडपी हेच करतात आणि मग त्याला संस्कृत अर्थ शोधत बसतात.

पुढे ख्रिस्ती संतांची नावे आली आणि ग्रीक, हिब्रू, लॅटिन अर्थ जर्मन तोंडी बसले. मार्गारेटे म्हणजे मोती. तिच्यापासून ग्रेटे, ग्रेटा, ग्रेटल आणि मेटा निघाल्या. उर्सुला म्हणजे छोटी अस्वलीण. हाना म्हणजे कृपा. बार्बारा या नावाचा अर्थ तर ‘परकी बाई’. ग्रीकांना ज्यांची भाषा बडबड वाटे ते बार्बारोस, आणि आपला ‘बर्बर’ हा शब्द त्याचाच भाऊबंद. व्हिसाच्या रांगेत उभे राहिल्यावर मला हेच नाव आपणा सगळ्यांना शोभेल असे वाटले होते. सारा म्हणजे हिब्रूत राजकन्या. पण १ जानेवारी १९३९ पासून नाझी राजवटीने, ज्यांची नावे सरकारी यादीप्रमाणे पुरेशी ‘ज्यू’ नव्हती अशा ज्यू स्त्रियांवर ‘सारा’ हे जादा नाव लावण्याची सक्ती केली, म्हणजे राजकन्येचा शिक्का झाला. आज असंख्य जर्मन मुलींचे ते साधे, आवडते नाव आहे. अर्थ शब्दकोशात असतो त्याहून जास्त तो वापरणाऱ्यांच्या हातात असतो, हे मला या एका नावाने शिकवले.

नावावरून इथे वय ओळखतात, हेही ध्यानात ठेवा. हेल्गा आणि इंग्रिड म्हणजे आजी, पेट्रा आणि साबीने निवृत्तीच्या आसपास, निकोल आणि श्टेफानी माझ्या वयाच्या. आपल्याकडे द्वारका, सुनंदा, वैशाली आणि सायली यांच्यातून पिढी कळते तसेच. फ्रीडा, इडा, माथिल्डा ही पणजीची नावे आता पाळण्यात परत आली आहेत, जशी आपल्याकडे रमा आणि राधा आल्या. नावावरून केवळ वयच नाही, तर घरची पायरीही ओळखल्याचा आव आणतात. ओल्डेनबुर्ग विद्यापीठात २००९ साली शिक्षकांची पाहणी झाली, तेव्हा केविन आणि शांताल या नावांविषयीचे त्यांचे पूर्वग्रह उघडे पडले. भारतीय नावाला हा चष्मा लागत नाही, कारण त्यांना ते नाव कोणत्या खणात ठेवावे हेच ठाऊक नसते. म्हणून इथे रुळलेले नाव ठेवायचे या हट्टाने निकोल किंवा मँडी यांच्या वाटेला जाऊ नका.

आता किरण. तुम्हाला कोणी तरी सांगितले आहे की मुलगा की मुलगी हे नावावरून कळलेच पाहिजे, नाही तर नोंदणी होत नाही. पूर्वी तसाच प्रघात होता. मुलाला मुलीचे नाव चालत नसे, अपवाद फक्त दुसरे नाव म्हणून मारियाचा, जसा कवी रायनर मारिया रिल्के. पण एका जोडप्याने मुलीचे नाव किरण ठेवले, नोंदणी अधिकाऱ्याने स्त्रीत्व दाखवणारे दुसरे नाव जोडा म्हणून अडवले, आणि प्रकरण आमच्याच गावातल्या संविधान न्यायालयापर्यंत आले. ५ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयाने सांगितले की नावातून लिंग कळलेच पाहिजे असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. मुलाच्या हिताला बाधा येत असेल तरच आईवडिलांच्या निवडीला हरकत घेता येते. आपल्याकडे किरण बेदी आणि किरण मोरे दोघेही असताना कोणाला प्रश्न पडत नाही, तो प्रश्न इथे सर्वोच्च पातळीवर एका मराठीलाही जवळच्या नावाने सोडवला. तेव्हा किरण निर्धास्तपणे ठेवता येईल, पण पत्रांवर ‘श्रीयुत’ छापून येण्याची तयारी ठेवा.

बोलण्यातल्या लिंगाची एक वेगळीच गोष्ट आहे. जर्मनमध्ये मुलगी या अर्थाचा ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, आणि ऱ्हाईनकाठच्या बोलींत तर ओळखीच्या बाईच्या नावालाही नपुंसकलिंगी उपपद लावतात. जर्मन शिकवताना हे सांगितले की पुण्याची मुले हसतात. माझ्या सिंधुदुर्गातल्या मैत्रिणीला मात्र काहीच नवल वाटले नाही, कारण मालवणीत आणि कोकणीत ‘चेडू’ नपुंसकलिंगीच आहे.

तुमच्या स्वतःच्या नावाकडे येते. ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने लिहिलेले नवे नाव घरच्यांसाठी गोड असते. कागदावर त्याचा फार त्रास होतो. इथे १९९१ पासून नवरा-बायकोने एकच आडनाव लावलेच पाहिजे असे राहिलेले नाही, आणि लग्नात पहिले नावच बदलते ही कल्पना नोंदणी अधिकाऱ्याला समजावताना अर्धा तास जातो. तुमची पदवी जुन्या नावावर आणि पासपोर्ट नव्या नावावर असेल, तर राजपत्रातील नावबदलाची प्रत, विवाह प्रमाणपत्र आणि दोन्हींची अधिकृत भाषांतरे निघण्यापूर्वीच तयार ठेवा. राजपत्रात अजून काहीच केलेले नसेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पदवीवरचे नाव ठेवा.

दुसरे, पासपोर्टातल्या पहिल्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचे नाव लिहू नका. माझ्या पासपोर्टात माझ्या नावापुढे ‘विनायक’ आहे. जर्मनीत आडनाव सोडून जे काही उरते ते सगळे तुमचे पहिले नाव समजले जाते, म्हणून कागदोपत्री मी विनायकही आहे. मीराच्या वेळी माझ्या प्रसूतिपूर्व तपासणीचे बिल विमा कंपनीने परत पाठवले होते, आणि सोबतच्या पत्राची सुरुवात ‘माननीय श्रीयुत’ अशी होती. मुलीच्या नावातही बापाचे नाव मध्ये घालू नका. जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावे स्वतंत्र असतातच.

शेवटी बारशाविषयी. जन्माची खबर एका आठवड्यात श्टांडेसआम्टला, म्हणजे जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी कार्यालयाला, द्यावी लागते आणि ती बहुधा इस्पितळच देते. तिसऱ्या दिवशीच परिचारिका अर्ज घेऊन येते आणि नावाच्या रकान्यावर बोट ठेवते, त्यामुळे आम्ही घाईने तो भरून दिला आणि डबल ‘ई’ कायमची झाली. नाव मागाहून कळवायला एक महिन्याची मुदत असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तुम्ही रकाना कोरा ठेवा आणि तसे परिचारिकेला सांगा. बाराव्या दिवशी आत्याला पुण्याहून फोनवर ‘कुर्र’ करू द्या, आणि मग नाव कागदावर लिहून इथल्या कोणा शेजाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या. त्याने म्हटलेले तुम्हाला ओळखू आले, तरच अर्ज भरा.