एनबीए समजून घ्यायला एखाद्या संघाचा कोणता एक हंगाम पाहावा?

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, नव्यानं बघायला लागलाय आणि एकाच संघाचा एक जुना हंगाम नीट बघायचाय, तर कोणता, असं तुम्ही विचारलंय. क्षणभरही विचार न करता सांगतो: सॅन अँटोनियो स्पर्स, २०१३-१४.

पण सुरुवात आदल्या जूनपासून करा. २०१३ ची फायनल, समोर मायामी हीट. आधी चार सामने जिंकेल तो विजेता. स्पर्स मालिकेत ३-२ नं पुढे आणि सहाव्या सामन्यात शेवटचा अर्धा मिनिटही उरला नसताना ५ गुणांची आघाडी. ती तीनवर आली. मग मायामीच्या लेब्रॉनचा थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) हुकला, त्याच्याच संघातल्या बॉशनं रिबाऊंड (हुकून परतलेला बॉल) खेचला, त्यांचा रे ॲलन उलट्या पावलांनी कोपऱ्यात गेला आणि तिथून थ्री मारून त्यानं बरोबरी केली. ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरच्या जादा वेळेत) स्पर्सच्या हातून तो सामना गेला, मग सातवाही गेला. स्पर्सचा आधारस्तंभ डंकन तेव्हा ३७ वर्षांचा. आता हा संघ संपला, असंच बहुतेकांना वाटलं.

प्रशिक्षक ग्रेग पोपोविचनं मात्र संघ मोडला नाही. बेलिनेलीसारखी एखादी भर सोडली तर माणसं तीच राहिली. माझ्या मते त्या हंगामाचं मर्म गुणांच्या नाही, मिनिटांच्या रकान्यात आहे. सामना ४८ मिनिटांचा, आणि नियमित हंगामाच्या ८२ सामन्यांत स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत पोचली नाही. एनबीएच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. तरीही ६२ विजय, लीगमध्ये सर्वाधिक, त्यात सलग १९. याच पोपोविचनं २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये मुख्य खेळाडूंना विश्रांतीसाठी घरी पाठवलं, म्हणून लीगनं संघाला अडीच लाख डॉलर दंड ठोठावला होता. त्यानं धोरण बदललं नाही.

सगळं सुरळीत होतं असं नाही. ओक्लाहोमा सिटीकडून नियमित हंगामातले चारही सामने हरले. प्लेऑफ्सच्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या डॅलसनं सात सामन्यांपर्यंत झुंजवलं. पोर्टलँडची फेरी सोपी गेली. मग पुन्हा ओक्लाहोमा. सहाव्या सामन्यात घोट्याच्या दुखापतीमुळे स्पर्सचा मुख्य खेळाडू पार्कर दुसऱ्या हाफला उतरलाच नाही, आणि बेंचवरून (राखीव खेळाडूंमधून) आलेल्या बोरिस डिऑनं २६ गुण केले. ओव्हरटाइममध्ये सामना काढला आणि फायनल गाठली, पुन्हा मायामीशीच.

फायनलचा तिसरा सामना शांतपणे बघा. पोपोविचनं स्प्लिटरऐवजी डिऑला पहिल्या पाचात घेतलं. डिऑ फार उडी मारत नाही, धावतही नाही, पण बॉल हातात येण्याआधीच पुढचा पास त्यानं पाहिलेला असतो. मायामीचा डिफेन्स बॉलवर तुटून पडायचा. त्यांचे दोघं बॉलपाशी पोचेपर्यंत बॉल स्पर्सच्या तिसऱ्या खेळाडूकडे. त्याला शॉट मोकळा असला तरी तो त्याहून मोकळ्या असलेल्या चौथ्याला द्यायचा. पहिल्या हाफमध्ये स्पर्सचे ७१ गुण झाले आणि शॉट्समधले ७५ टक्क्यांहून जास्त आत गेले. फायनलमध्ये, तेही समोरच्याच्या मैदानावर! मला तरी बास्केटबॉल इतका सुंदर पुन्हा दिसलेला नाही.

पाचव्या सामन्यात सुरुवातीलाच २२-६ असे मागे पडूनही १७ गुणांनी जिंकले. राखीव पॅटी मिल्सनं १७ गुण केले, त्यातले १४ एकट्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये. हिवाळ्यात बेंचला दिलेली मिनिटं तिथे कामी आली. मालिका ४-१, फायनलचा सर्वोत्तम खेळाडू २२ वर्षांचा कवाय लेनर्ड.

वेळ कमी असेल तर ओक्लाहोमाविरुद्धचा सहावा आणि फायनलचा तिसरा, एवढे दोन बघा, पण पूर्ण बघा. हायलाइट्समध्ये शेवटचा पास आणि शॉट तेवढा दिसतो. त्याआधीचे तीन पास कापलेले असतात.