घाट उतरताना गिअर की न्यूट्रल?

प्रश्न : कन्नडहून चाळीसगावला आठवड्यातून दोनदा जातो. गाडी 100 सीसी, चार गिअरची, बीएस-6. औट्रम घाटात न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं, असं मित्र म्हणतात. गिअरमध्ये ठेवली तर इंजिन ओरडतं. खरं काय?
— एक वाचक, कन्नड

उत्तर : तुमची गाडी बीएस-6, म्हणजे बहुधा फ्युएल इंजेक्शनची; तिच्यात उलटं आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना रेस पूर्ण सोडली की चाकच इंजिन फिरवतं. ईसीयूला, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाला, ते कळतं आणि तो पेट्रोल सोडणारा इंजेक्टर बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल जळतच राहतं. मित्रांचं म्हणणं कार्ब्युरेटरच्या काळातलं. तिथेही अख्ख्या घाटात फार तर चार-पाच रुपये वाचायचे. त्यापायी सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापला की लायनरची पकड जाते, पेडल दाबूनही गाडी पुढे जातच राहते.

ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्यातच उतरा. बहुधा तिसरा, अवघड वळणाला दुसरा. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच ब्रेकने वेग कमी करा, क्लच दाबा, एकच गिअर उतरवा, रेस किंचित देऊन क्लच हळू सोडा. झटकन सोडला तर मागचं चाक क्षणभर अडकतं. वळणावर खडी असेल तर गाडी तिथेच आडवी. पन्नासच्या वेगात पहिला टाकणं म्हणजे इंजिनवर अत्याचार. बाकी नुसत्या आवाजाला घाबरू नका. चेन सैल असेल तर मात्र धक्के बसतात. ढील पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवा, बहुतेक गाड्यांना 25 ते 30 मिमी चालते.

इंजिन ब्रेकिंगने मागचा लाल दिवा लागत नाही. मागे ट्रक असेल तर ब्रेक हलकेच दाबून दिवा दाखवा.

आणि चावी बंद करून घाट उतरू नका. रात्री दिवे जातात, हा एक धोका. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत गिअर असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं, चावी फिरवली की धडाम.

प्रश्न : माझी जुनी कार्ब्युरेटरची गाडी उतारावर रेस सोडली की फटफट फटाके मारते.
— एक वाचक, धारूर

उत्तर : आधी सायलेन्सर इंजिनाला जोडतो तिथलं गॅसकेट बघा. तिथून हवा आत शिरली की उरलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतं. इंजिन थंड असताना गॅसकेट बदला, दोन्ही नट आलटून-पालटून थोडे-थोडे आवळा. तरीही फटाके थांबले नाहीत, तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी; कार्ब्युरेटरमधलं पायलट जेट (रेस सोडल्यावर पेट्रोल देणारं बारीक छिद्र) साफ करून घ्या.